पाखरांची ओटी

माझा जन्म लातूरच्या मार्केट यार्डामागच्या गल्लीतला. हमालांच्या आरोळ्या, सौद्याचा गलका, देवळावरचा भोंगा आणि मधल्या रिकाम्या वेळात आमच्या घरातली भांडणं, एवढ्या आवाजात मी वाढले. माझा स्वतःचा आवाजही काही कमी नाही. अशा मला सासर मिळालं ते लोहा तालुक्यातलं, धरणाच्या पाण्याकाठचं एक गाव. तिथं चैत्रापासून पाऊस लागेपर्यंत कुणी ढोल वाजवत नाही, फटाका उडवत नाही, भोंगा लावत नाही. निवडणुकीच्या प्रचाराची गाडीसुद्धा वेशीत आली की तोंड मिटते.

याला कारण आमच्या दारातली चिंच. आम्ही नवराबायको नांदेडला राहतो, हे तिथं कॉलेजात शिकवतात. गावचं घर, शेत आणि ती चिंच थोरले दीर आणि मोठ्या जाऊबाई सांभाळतात. म्हणायचं म्हणून दोघं, खरं तर जाऊबाईच सांभाळतात. अख्खं गाव त्यांना आक्का म्हणतं, म्हणून मीही आक्काच म्हणते.

होळी झाली की त्या चिंचेवर करकोचे येतात. यांच्या पुस्तकात त्यांचं नाव चित्रबलाक असं दिलंय, पण गावात ते कुणी घेत नाही. गावात नुसतं पाखरं म्हणतात आणि फारच लाड आला तर लेकी. माणसाच्या कमरेला लागेल एवढं पाखरू, पांढरं अंग, लांब पिवळी चोच, छातीवर काळी नक्षी आणि शेपटीपाशी गुलाबी पिसं, कुणी रंगपंचमीला मागून रंग टाकून पळून गेल्यासारखी. बाकीचं वर्ष ती कुठल्या पाण्यावर काढतात ते त्यांचं त्यांना ठाऊक. अंडी घालायला मात्र इथंच येतात, माहेरी आल्यासारखी.

लग्नानंतरच्या पहिल्या चैत्रात आक्कांनी मला भल्या सकाळी हलवून उठवलं. "ऊठ गं, पाखरानं काडी ठेवली." मी डोळे चोळत अंगणात आले. वर बेचक्यात एक पाखरू वाळकी काटकी ठेवत होतं, मान तिरकी करून बघत होतं, पुन्हा उचलून पुन्हा ठेवत होतं. आक्का खाली पदर सावरून उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा इतका खुलला होता की, घरात काय शुभकार्य निघालं, असंच मला वाटलं. नुसती येऊन बसलेली पाखरं गाव जमेस धरत नाही, ती वाटसरूही असू शकतात. पहिली काडी पडली म्हणजे मुक्काम पक्का. त्यानंतरचा सोमवार हा ओटीचा सोमवार.

त्या दिवशी गावच्या सगळ्या लेकी माहेरी येतात. सकाळी कासार येऊन चिंचेखाली बसतो आणि बायकांना हिरव्या बांगड्या भरतो. घरोघर हुग्गी शिजते, म्हणजे आमची गव्हाची गूळ घातलेली खीर. कैरीची डाळ असते, पन्हं असतं. उन्हं कलली की माहेरी आलेल्या लेकींत जी पोटुशी असेल तिच्या हातून झाडाची ओटी भरतात. खण बुंध्याला गुंडाळायचा, बुंध्याशी गहू-नारळ ठेवायचे, खालच्या फांदीला हिरव्या बांगड्या अडकवायच्या. मग सगळ्या बायका दोन्ही हात वर करून बांगड्या वाजवतात. तिथून पुढं पिल्लं उडून जाईपर्यंत गावाला तेवढंच एक वाद्य. या दिवसांत लग्न निघालं तरी तेच. "शुभमंगल सावधान" झालं की जिथं बँड फुटायचा, तिथं आमच्याकडं बांगड्या वाजतात. पुरुषांना काही काम नसतं, ते अक्षता टाकतात आणि बायकांकडं बघत उभे राहतात.

मी लातूरची. मला हे सगळं अति वाटलं आणि मी तसं बोललेही. आक्का भाकरी थापता थापता म्हणाल्या, "आगं, पोटुशी लेक घरला आली तर दारात कुणी ढोल बडवतेत का?" मी तव्यावरची भाकरी उलटली.

आता पाखरांचं कौतुक सगळे करतात, पण खालच्या अंगणाचं कोण बघतं? शिटेनं अंगण पांढरं होतं. माझी चांगली इरकल साडी पहिल्याच वर्षी गेली. त्यात आमचं घर लिंगायताचं, अंड्याचं नाव काढलेलं चालत नाही, आणि वरून पिल्लांच्या तोंडचे मासे टपाटपा खाली पडतात. एखादा चुलीपाशी, एखादा तुळशीत. मी नाकाला पदर लावून आत पळायचे. आक्का काय करायच्या? पळसाच्या दोन पानांत मासा धरायच्या, उकिरड्यापाशी नेऊन पुरायच्या, हात धुऊन कपाळाला विभूती लावायच्या आणि पुन्हा कामाला लागायच्या. दिवसातून कितीदा तरी. देवाधर्माचं एवढं कडक पाळणारी बाई हे इतक्या सहज करते, याचं मला तेव्हा आश्चर्य वाटायचं आणि आता अभिमान वाटतो.

आक्कांना एकच मुलगी, आमची पुतणी. तिचं लग्न उदगीरला ठरलं. मुलगा शांत, घर चांगलं, आणि सासऱ्यांचा धंदा कोणता? तर मांडव आणि साउंड सिस्टीम. त्या भागातल्या निम्म्या वराती त्यांच्या स्पीकरच्या खोक्यांवर नाचतात. पाखरांच्या गावची लेक साउंडवाल्याच्या घरी द्यायची हे एखाद्या देवालाच सुचू शकतं, असं मी म्हणाले. आक्का म्हणाल्या, "तू आधी चहा घे."

सुपारी फुटली तेव्हा आक्कांनी व्याह्यांना स्वच्छ सांगितलं होतं, "इवाई, आमच्याकडं त्या दिवसांत वाजवत न्हाईत." व्याही मान डोलावून हसले. आमच्या भागात मुलीकडची माणसं असं बरंच काही बोलत असतात. आम्ही साधी माणसं, आमच्याकडं काही नाही, तुम्हीच सांभाळून घ्या. त्यातून अर्थ समोरच्यानं काढायचा असतो. व्याह्यांनी काढला की, वाजवण्याचा मान मुलीकडचे आपल्याला देताहेत. मोठ्या मनाचा माणूस. ऐन लग्नसराईत त्यांनी आपली सगळी खोकी त्या एका दिवसापुरती मोकळी ठेवली.

वैशाखात लग्नाच्या सकाळी वेशीपाशी ट्रक येऊन उभे राहिले, एकावर एक रचलेली काळी खोकी घेऊन. कुणीतरी धावत सांगायला आलं. पुरुषमंडळी एकमेकांची तोंडं बघायला लागली. आक्का हळदीच्या हातांनी तशाच निघाल्या आणि मी त्यांच्या मागं.

"इवाई, परवाच अंडी फुटून पिल्लं निघालीत," त्या म्हणाल्या. "आवाज झाला की आया उठतेत, पिल्लं उन्हात उघडी पडतेत. घारी टपूनच हायेत."

"अव्वा, माझ्या पोराचं लगीन हाय," व्याही म्हणाले. त्यांचा आवाज मुळातच मोठा. "समदं उदगीर आलंय बगा. साउंडवाल्याच्या पोराची वरात मुकी नेऊ का?"

"माझ्या बी पोरीचं हाय. ती बी मुकीच जाईल."

व्याह्यांनी एकदा चिंचेच्या दिशेनं बघितलं. मग ट्रकवरच्या माणसाला त्यांनी हातानं खूण केली आणि त्यानं वायरी काढून घेतल्या. त्यांनी तिथं शब्द वाढवला असता तर त्या दिवशी लग्नच मोडलं असतं. त्यांनी तो वाढवला नाही, हे मला आजही मोठं वाटतं.

लग्न लागलं. बांगड्या वाजल्या. पण पंगतीत त्यांच्याच धंद्यातली मित्रमंडळी त्यांना छेडायला लागली. "काय शेठ, खोकी फुटली का?" "पोराचं लगीन हाय का मौत-मयत?" व्याह्यांनी दोन घास खाल्ले आणि ताटावरून उठले. लेकीची पाठवणी झाली, ट्रक वेशीतून वळले, आणि उदगीरपर्यंत त्यांनी एकही खोकं सुरू केलं नाही, असं नंतर कळलं. आता वाजवून काय उपयोग, असं त्यांना वाटलं असावं.

मग नागपंचमी आली. मराठवाड्यात लेकीनं पंचमीला माहेरी यायचं हे ठरलेलंच. आक्कांनी दारातल्या लिंबाला झोका बांधला. उदगीरहून निरोप आला, यंदा जमणार नाही. दिवाळीला दुकानात गडबड होती. संक्रांतीला आणखी काहीतरी होतं. पुतणीला फोन केला की ती म्हणायची, "काकू, मला काही तरास नाही. ह्ये चांगले हायेत, सासूबाई चांगल्या हायेत. मामंजी पण मला लेकीवानीच बघतेत. फक्त माहेराचं नाव निघालं की उठून बाहेर जातेत." आक्कांनी पंचमीचा झोका लिंबावरून सोडला नाही. तो तसाच लोंबत राहिला आणि माझं त्याच्याकडं लक्ष गेलं की मला भयंकर राग यायचा. कुणाचा, ते नीट सांगता येत नाही.

माघात कळलं की पुतणीला दिवस गेलेत आणि महिनेही बरेच झालेत. पहिलं बाळंतपण माहेरी, याला सहसा कुणी नाही म्हणत नाही. पण लेक आपली आपण उठून येत नसते. माहेरचं कुणीतरी मुराळी म्हणून न्यायला जातं, सासरचे "न्या" म्हणतात, तेव्हा ती निघते. व्याही तो एक शब्द बोलतील का, एवढाच आता प्रश्न होता. न बोलले तर आक्कांना पोटच्या पोरीचं पहिलं बाळंतपण करता येणार नव्हतं आणि हे दार तिच्यासाठी कायमचंच मिटल्यासारखं झालं असतं. ज्या बाईनं गावभरच्या लेकींना आणि पाखरांना माहेर दिलं, तिचीच लेक बाहेर.

होळी झाली. पाखरं आली. आक्कांचा नांदेडला फोन आला, "काडी ठेवली. तू उदगीरला जा."

"मी? हे आहेत, भाऊजी आहेत."

"त्ये दोघं चहा पिऊन परत येतेत. तुला बोलता तरी येतं."

कंधार-जळकोटवरून धक्के खात मी उदगीरला पोचले. दुकान घराच्या पुढच्या अंगाला. व्याही खोक्यांच्या रांगेत खुर्ची टाकून बसले होते आणि कामावरचा माणूस माईक तपासत होता. सगळी उमर त्या खोक्यांपुढं काढल्यामुळं व्याह्यांचे कान अधू झालेत. बारीक आवाज त्यांना येत नाही आणि हळू बोलणं जमत नाही. मी आले म्हटल्यावर उठून उभे राहिले, पंख्याखालची खुर्ची दिली. आदरात काही कमी नाही.

"पाखरं आली का औंदा?" त्यांनीच विचारलं.

"आली. येत्या सोमवारी ओटी आहे. गावात यंदा पोटुशी लेक एकच, आणि ती तुमच्या घरात आहे."

त्यांनी त्या माणसाच्या हातातला माईक घेतला, त्याची जाळी काढली, सदऱ्याला पुसली, पुन्हा बसवली. "बघू," म्हणाले.

झालं. माझं डोकं फिरलं. "बघू काय इवाई? तुमची इज्जत गेली हे मला मान्य आहे. पण ती आक्कांनी नाही घेतली, पंगतीतल्या तुमच्या दोस्तांनी घेतली. त्यांना विचारा ना जाब!" मी हे इतक्या मोठ्यानं बोलले की त्यांना सगळं नक्की ऐकू गेलं. समोरचा पानवालासुद्धा डोकावला. आतल्या दारात पुतणी ट्रे घेऊन उभी होती. पोट चांगलं दिसत होतं. ती माझ्याकडं न बघता खाली बघत होती.

"चहा घ्या, इहीणबाई," व्याही म्हणाले.

म्हणजे मीही चहाच पिऊन परत आले. तशीच गावी जाऊन आक्कांना सगळं सांगितलं, माझी बडबडसुद्धा गाळली नाही. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिचे पाय सुजलेत का गं?" मी म्हणाले, पाय बघायचं लक्षात नाही आलं. तेवढ्यावर त्या उठून गोठ्यात गेल्या.

सोमवार उजाडला. कासार आला. आक्कांनी एक चुडा चिंचेसाठी निवडला आणि दुसरा, लेकीच्या मापाचा, कोनाड्यात नेऊन ठेवला. हुग्गी झाली, जेवणं झाली. उन्हं कलली तशा बायका चिंचेखाली जमल्या. वर घरटी बांधायची धांदल चालली होती, चोचींचा खडखडाट होत होता. एकदोघी म्हणाल्या, आक्का, आता दुसऱ्या एखाद्या लेकीच्या हातून ओटी भरून घ्यावी. आक्का म्हणाल्या, "ऊन हाय अजून." थोड्या वेळानं त्यांना पुन्हा कुणी विचारलं. पुन्हा तेच, ऊन हाय अजून. ऊन खरं तर चिंचेच्या शेंड्याला उरलं होतं.

आमच्या दारातून वेस सरळ दिसते. तिथं एक टेम्पो आला आणि वेशीतच थांबला. इंजिन बंद झालं. केबिनमधून माणसं उतरली आणि टेम्पो ढकलायला लागली.

"बिघडला वाटतं," थोरले दीर म्हणाले. "थांबा, ट्रॅक्टर लावून वढून आणतो." ते ट्रॅक्टरवर चढले आणि चावीला हात घातला.

तोवर टेम्पो जरा पुढं आला होता. मागून ढकलणाऱ्यांत व्याही होते. कामाची दोन माणसं आणि ते स्वतः, वाकून, खांदा लावून. आमचा जावई स्टिअरिंग धरून बसला होता आणि शेजारी आमची पुतणी. गावातली चारदोन माणसं मदतीला धावली, तर व्याह्यांनी त्यांना तोंडावर बोट ठेवून खूण केली. आवाज करू नका. तेव्हा कुठं आमच्या डोक्यात उजेड पडला. टेम्पो बिघडलेला नव्हता. पाखरं उठू नयेत म्हणून त्यांनी इंजिन वेशीतच बंद केलं होतं.

आता खरी गोष्ट अशी की, इंजिनाला गावात कुणीच बंदी घातलेली नाही. ट्रॅक्टर रोज त्या चिंचेखालून जातो. एसटी येते, दुधाची गाडी येते, पिठाची गिरणी पलीकडंच धडधडते. पाखरांना त्याची इतकी सवय झालीय की ती मानसुद्धा वळवत नाहीत. माझ्या तोंडातून निघालंच, "अहो, पण ट्रॅक्टर तर रोज..."

आक्कांनी माझं मनगट असं दाबलं की नव्या बांगड्या रुतल्या. मग त्या दिरांकडं वळून अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, "उतरा खाली. चावी काढा." दीर उतरले. आक्कांनी नुसतं गिरणीकडं बघितलं, तर एक बाई लगबगीनं तिकडं गेली आणि गिरणी बंद झाली. कुणाची तरी मोटारसायकल सुरू होत होती, ती थांबली. हातातले मोबाईल बंद झाले. शंभर वेळा सांगून जे गाव कधी एका वेळी गप्प बसलं नसतं, ते त्या माणसाची चूक झाकायला एका मिनिटात गप्प झालं. मी त्या गावात सून म्हणून आले याचा मला त्या क्षणी इतका आनंद झाला की काय सांगू.

टेम्पो चिंचेपाशी येऊन थांबला. व्याही घामानं भिजलेले, कपाळावरची विभूती ओघळून भुवयांत आलेली. आक्कांपुढं येऊन त्यांनी हळू बोलायचा आटोकाट प्रयत्न केला आणि तो साऱ्या आळीला ऐकू गेला. "वेशीतच बंद केलं, अव्वा! पाखरं उठली न्हाईत ना?"

लेकीच्या पाठवणीला ज्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, त्या आक्का रडायला लागल्या. "न्हाई इवाई," त्या म्हणाल्या. "एक बी उठलं न्हाई."

पुतणी उतरली. आक्कांनी कोनाड्यातला चुडा आणवला आणि आधी तिच्या हातात भरला. मग तिनं चिंचेची ओटी भरली, खण गुंडाळला, फांदीला बांगड्या अडकवल्या. सगळ्या बायकांनी हात वर केले आणि बांगड्या वाजायला लागल्या. व्याही मान वर करून आमच्या हातांकडं बघत होते. मग त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या मला विचारलं, "बांगड्या वाजायल्यात का?"

त्यांना ऐकू येत नव्हतं. मुलाच्या लग्नातही आलं नसणार. लग्नात काहीच वाजलं नाही, असंच त्यांना वर्षभर वाटत होतं.

मी काही बोलायच्या आत आक्का पुढं झाल्या. विहिणीनं व्याह्याच्या एवढं जवळ जायचं नसतं, डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नसतो. त्या जवळ गेल्या, त्यांनी दोन्ही हात व्याह्यांच्या कानाशी नेले आणि बांगड्या वाजवल्या. व्याही डोळे मिटून उभे राहिले. मग म्हणाले, "हाव. आला आवाज."

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. नातवाला घेऊन व्याही दरवर्षी ओटीच्या सोमवारी येतात, वेशीत टेम्पो बंद करतात आणि ढकलत आणतात. त्या दिवशी गावात सकाळपासून ट्रॅक्टर उभे असतात, गिरणी बंद असते, दुधाचे कॅन गडी डोक्यावरून वेशीपर्यंत नेतात. व्याह्यांना आजवर कुणी काही सांगितलेलं नाही. गेल्या वर्षी गावात आलेल्या एका नव्या सुनेनं चिंचेखाली विचारलं की, ओटीच्या दिवशी गाड्या बंद ठेवायची ही पद्धत कधीपासूनची?

"पहिल्यापासून," आक्का म्हणाल्या. आणि मी, लातूरची, तोंड मिटून हुग्गी वाढत राहिले.